एकविसावं वरीस

माझा थोरला भाऊ रामकिसन याला पाण्यापासून जपायचं, हा आमच्या घरातला पहिला कायदा होता. बाकीचे कायदे मोडले तर माय नुसती ओरडायची. हा मोडला तर आबा उठून उभे राहायचे. आबा म्हणजे आमचे वडील. अंगानं शिडशिडीत, आवाज खालचा, पण ते उभे राहिले की सगळं घर गप्प व्हायचं. त्यांनी मला उभ्या आयुष्यात दोनदाच मारलं आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं. एकदा मी नहाणीतला भरलेला रांजण उघडा ठेवला होता, आणि एकदा भर पावसात भाऊला ओढ्यावर खेकडे बघायला घेऊन गेले होते. मी सात वर्षांची, तो दहाचा. त्याच्या नशिबातच तसं लिहिलंय, त्यात लेकराचा काय दोष, असं आबांचं म्हणणं. माझ्या नशिबात काय लिहिलंय ते कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे दोष द्यायला मी आयती सापडायचे.

भाऊच्या बारशाला एक जोशी आला होता. त्यानं आधी आजोबांकडं बघून सांगितलं होतं, म्हाताऱ्याला पुढची दिवाळी दिसायची नाही. आणि आजोबा श्रावणात गेले. त्यामुळे पाळण्यातल्या पोराबद्दल तो जे बोलला, ते आबांच्या मनात खिळा ठोकल्यासारखं बसलं. "ह्याला पाणी वंगाळ हाय. एकविसावं वरीस जपा. तेवढं निभावलं की पोरगं शंभर वर्सं जगतंय." जोशी शिधा घेऊन गेला तो पुन्हा कधी आमच्या पाली गावात आला नाही. त्याची वीस वर्षं आम्ही वाट पाहिली असं म्हटलं तरी चालेल.

आमचं रान धरणाच्या खालच्या अंगाला. पाझरामुळं विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. गावातली झाडून सगळी पोरं पाठीला रिकामा डबा बांधून कुठल्या ना कुठल्या विहिरीत पोहायला शिकली. भाऊ मात्र ओसरीवर बसून त्यांचा दुरून येणारा आरडाओरडा ऐकायचा. मे महिन्यात मला नांदूरघाटला मामाकडं धाडायचे, त्याला नाही, कारण मामाच्या घराला लागूनच विहीर होती. त्याच विहिरीत मामानं माझ्या कमरेला सुकलेला भोपळा बांधून मला ढकललं आणि दोन उन्हाळ्यांत मी मासोळीसारखी पोहायला लागले. घरी आल्यावर हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आबांनी आमच्या विहिरीभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं. तेवढ्यानं मन भरेना, म्हणून बीडहून एक जाड लोखंडी पाइप आणला आणि पाण्याच्या जरा वर, एका अंगाला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा बसवून घेतला. चुकून पोरगं पडलंच तर हाताला धरायला काहीतरी असावं. तो पाइप बसवताना आबा स्वतः दोर लावून खाली उतरले होते. वर आले तेव्हा त्यांचे तळवे सोलून निघाले होते आणि तोंडावर समाधान होतं.

भाऊ बीडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता तेव्हा मी त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले. पोरीला एवढं शिकवायचं कशाला, हा प्रश्न आमच्या आळीत सगळ्यांना पडला होता. आबांनी परवानगी दिली ती एका अटीवर: जायचं भाऊबरोबर, यायचं भाऊबरोबर, आणि वाटेत बिंदुसरा नदीला पाणी असलं तर त्याला पुलाच्या कडेला उभं राहू द्यायचं नाही. म्हणजे राखण कोण कुणाची करत होतं, हे आमच्यापुरतं ठरलेलं होतं. सकाळच्या एसटीला फडक्यात भाकरी, ठेचा आणि कधी धपाटे बांधून आम्ही निघायचो. त्याच साली भाऊला एकविसावं लागलं. माय दर अमावास्येला भिंतीतल्या देवळीत एक खडा ठेवायची. बारा खडे झाले की सुटलो.

आम्हाला नाटक शिकवायला वैद्य सर होते. किडकिडीत, सायकलवर यायचे, खडूचे हात लेंग्याला पुसायचे. आठवड्यातून एकदा ते सगळ्या वर्गांना एकत्र बसवून अभ्यासक्रमाबाहेरचं काही सांगायचे. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले. नियती आणि निवड. ग्रीक लोकांच्या शोकांतिकांविषयी ते बोलत होते. त्या नाटकांत आधी एक भाकीत होतं, मग माणसं ते टाळायला निघतात, आणि टाळायच्या वाटेवरच ते त्यांना गाठतं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मंजे सर, नशिबात हाय ते टळत न्हाई, एवढंच ना?"

"एवढंच असतं तर लोक दिवसभर उन्हात बसून ते बघायला कशाला आले असते?" सर म्हणाले. "देव एकदा बोलतो आणि गप्प बसतो. पुढचं सगळं माणसं करतात. कुणी भीतीनं, कुणी मायेनं, कुणी तोऱ्यानं. तुम्ही असं करा, गोष्टीतलं भाकीत बाजूला ठेवा आणि त्यानंतर कोण काय करतं ते एकाखाली एक लिहा. प्रत्येक ओळीपुढं लिहा, हे कुणी ठरवलं. देवाचं नाव फार थोड्या ओळींपुढं येईल."

मी भाऊकडं पाहिलं. तो पोरांच्या बाजूला भिंतीशी बसला होता. वहीत काही लिहीत नव्हता. त्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला इतक्या लांबून दिसली.

 परतीच्या एसटीतून पालीच्या फाट्यावर उतरल्यावर, धुरळा खाली बसायच्या आत, तो म्हणाला, "कौसे, तुला पवता येतं का?"

मी चमकले. "तुला कुणी सांगितलं?"

"मामानं. चार वर्सं झाली. मला शिकीव."

"भाऊ, येड लागलं का? खडे अजून तीन राहिलेत. आबा जित्ते ठेवायचे न्हाईत."

"तीन राहिलेत म्हणूनच. ते वरीस संपल्यावर शिकलो तर काय शिकलो? जल्मभर वाटंल, जोश्यानं सोडलं म्हणून सुटलो." आणि मग जरा हळू, "मला लई भ्याव वाटतं गं. पाण्याचं न्हाई. बादलीतलं पाणी बघून माय माझ्याकडं बघती ना, त्याचं."

आता पासष्टी ओलांडल्यावर मला कुणी विचारलं, की तू 'हो' का म्हणालीस, तर मी सरांचं नाव घेत नाही. सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, त्यात पाण्यात उतरा असं कुठं होतं? मी 'हो' म्हणाले, कारण घरात मला येणारी आणि त्याला न येणारी ती एकच गोष्ट होती. त्यात तोरा होता. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

आबा बाजारच्या दिवशी बैलगाडीनं बीडला जायचे ते दिवस मावळताना यायचे. त्या दिवशी आम्ही कॉलेज बुडवायचो. माय घरी, तिला सांगायचं, रानात हरभरा राखायला जातो. कुंपणातली एक काटी बाजूला करायची, पायऱ्या उतरायच्या आणि पाठीला डबा बांधून भाऊ पाण्यात. पहिल्या दिवशी तो पायरी सोडेचना. वीस वर्षांचा गडी, मिशी फुटलेला, दोन्ही हातांनी दगड धरून थरथरत होता आणि दात वाजत होते. मी त्याच्या हनुवटीखाली हात धरून म्हणत होते, "सोड, मी हाय." हात मारला की पाण्याचा आवाज विहिरीत घुमायचा आणि तो दचकून वर बघायचा. मीही बघायची. दर वेळी वाटायचं, वर आबांचा पटका दिसेल.  त्या दिवसांत माझ्या आवडीची येसराची आमटीही ताटात निवून जायची. माय म्हणायची, "पोरगी वाळली कशानं?" आणि आबा माझ्याकडं न बघता भाऊच्या केसांकडं बघायचे. केस ओले तर नाहीत? तसं ते रोजच बघायचे. पण आता मला ते दिसायला लागलं होतं.

पाचव्या खेपेला डबा निघाला. सातव्याला भाऊ विहिरीच्या चार फेऱ्या मारायला लागला. तो हसायचा, आणि त्याचं ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "झालं आता, आलं तुला. बस कर." देवळीत अकरा खडे होते. तो म्हणाला, "एकदा वरून उडी मारतो आणि तळाचा गाळ घिऊन येतो. तेवढं केलं की बस. पुन्हा तू म्हणशील तवाच." खरं पोहणाऱ्या पोरांची आमच्याकडं तीच परीक्षा असायची. मुठीत गाळ घेऊन वर आला तो पोहणारा. मी नाही म्हणू शकले असते. पण मलाही बघायचं होतं.

फाल्गुनातली दुपार होती. शेजारच्या रानात कुणाचं तरी इंजिन चालू होतं, त्याची टकटक एकसारखी येत होती. भाऊनं शर्ट आणि पायजमा काढून कठड्यावर ठेवला, पाइपापासून लांबची बाजू धरली, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उडी घेतली. पाणी फुटलं, मिटलं. मी मनात आकडे मोजत होते. आठ झाले असतील, तोच मागं चपलांचा आवाज आला.

आबा. बैलाचा खूर दुखावला म्हणून अर्ध्या वाटेतून माघारी फिरले होते, हे मागाहून कळलं. त्यांनी बाजूला केलेली काटी पाहिली, कठड्यावरचे कपडे पाहिले, हलणारं पाणी पाहिलं. त्यांचा चेहरा मला आज, हे लिहिताना, जशाच्या तसा दिसतो. रागाचं नावही नव्हतं त्यात. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस दारात येऊन उभा राहिलेला दिसावा, तसा तो चेहरा होता.

"कुठं हाय?" ते म्हणाले. "कौसे, रामकिसन कुठं हाय?"

मी बोट केलं. विहिरीकडं.

एवढंच केलं मी. 'पवतोय' हा एक शब्द तोंडात तयार होता. तो बाहेर आला नाही. आबांनी चप्पलसुद्धा काढली नाही. समोरच्या कडेवरून त्यांनी तशीच उडी टाकली, आणि स्वतः बसवलेला पाइप त्या बाजूला आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मी लोखंडाचा आवाज ऐकला. त्यानंतर पाण्याचा.

आणि मग भाऊ वर आला. मूठ उंच करून, मुठीत काळा गाळ, तोंडभर हसत. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पाण्यावर सुटलेल्या पटक्याकडं पाहिलं. पटका पांढऱ्या वेलीसारखा पसरत होता आणि खाली आबा बुडत होते. त्यांना उत्तम पोहता यायचं. पण मांडीचं हाड मोडलं होतं आणि शुद्ध गेली होती. भाऊनं मूठ सोडली आणि पुन्हा बुडी मारली. या वेळी मी आकडे मोजले नाहीत. मी पायऱ्यांवरून पडत-झडत खाली गेले, पाण्यात शिरले आणि भाऊ त्यांना काखेत धरून वर आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांना पायरीवर ओढलं. मी त्यांची हनुवटी धरली होती. ज्या हातानं भाऊची धरायची, त्याच हातानं. ते खोकले, पाणी ओकले, डोळे उघडले आणि भाऊकडं पाहून म्हणाले, "हाय का तू?"

"हाय, आबा. मी हाय."

इंजिनवाला शेजारी आणि त्याचा सालगडी धावत आले. बाजेवर घालून आबांना गाडीत, गाडीतून रस्त्यावर आणि तिथून एका जाणाऱ्या जीपमधून बीडच्या दवाखान्यात नेलं. भाऊ ओल्या चड्डीवरच होता, कुणीतरी त्याच्या अंगावर पोतं टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पाय आखूड राहील.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मायनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "लेकाच्या जागी बापाचा पाय गेला. पाण्यानं आपलं घेतलं. सुटलो."

भाऊ चिडला. "माय, पाय लोखंडानं मोडला. पाण्यानं न्हाई. आन् मला पवता येत नसतं तर?"

"तू पवायला गेलाच नसता तर?" माय म्हणाली.

 भाऊ तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आजही हे दोन प्रश्न समोरासमोर ठेवले की मला कुठलाच खोडता येत नाही.

वैद्य सर दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. पिशवीत चार मोसंब्या होत्या. भाऊ त्यांना अथपासून इतिपर्यंत सांगत गेला, तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते म्हणाले, "वर्गात मी हे सगळं फार सोपं करून सांगितलं रे. ओळी लिहा म्हणालो. ज्याच्या घरात हे घडतं त्याला ओळी कशा लिहिता येतील?" ते आबांच्या पायाशी थोडा वेळ उभे राहिले, नमस्कार केला आणि गेले. मी मात्र त्या रात्री डोळे मिटून ओळी लिहिल्याच. जोशी बोलला. आबांनी पाइप बसवला. भाऊनं शिकायचं ठरवलं. मी शिकवलं. बैल लंगडला. आणि मी बोट केलं. बैलाची ओळ सोडली तर एकाही ओळीपुढं मला देवाचं नाव लिहिता येईना. आणि शेवटच्या ओळीपुढं माझ्याशिवाय कुणाचंच नाव नव्हतं.

आबांना घरी आणलं तेव्हा बारावा खडा ठेवून झाला होता. त्यांच्याजवळ बसायला माणूस हवं म्हणून माझं कॉलेज बंद झालं. कुणी तसं म्हणालं नाही, मी सकाळी उठून एसटीला गेले नाही, एवढंच. भाऊ एकटा जायला लागला. आबांनी त्याला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. माझ्याशी मात्र ते बोलतच नव्हते. पाणी दे, उशी सरकव, बस. मी समोर असले की छताकडं बघत पडायचे. मला वाटायचं, त्यांनी एकदा उठून मारावं, पण उठायला पाय कुठं होता?

एका दुपारी माय दळण आणायला गेली होती. मी उंबऱ्याजवळ बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आबा छताकडं बघतच म्हणाले, "मी इचारलं तवा तू बोट केलं."

माझे हात थांबले.

"त्याला पवता येतंय, तुला म्हाईत व्हतं."

"व्हतं."

"मंग कावून न्हाई बोलली?"

जीभ टाळ्याला चिकटली, असं सांगता आलं असतं. वेळच मिळाला नाही, हेही सांगता आलं असतं. त्यांनी मानलं असतं आणि पुढं कदाचित मीही मानलं असतं. मी सुपातल्या शेंगांकडं बघत म्हटलं, "मी शिकीवलं म्हणून तुमी माझं कालिज बंद कराल, असं वाटलं."

"तेवढ्या दमात एवढा इचार केला तू?"

"केला, आबा."

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या.   मग भिंतीकडं तोंड ठेवूनच ते बोलायला लागले.

"मला वाटायचं, घरात समदी जोश्याला भितात. तू मला भेली. भाऊबी मलाच भेला. न्हाईतर सांगून शिकला असता. मी सोता उतरून शिकीवलं असतं." त्यांनी भिंतीला तळवा टेकवला. "न्हाई. नसतं शिकीवलं."

मी रडत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. आवाज मात्र नेहमीसारखा खालचा झाला.

"उद्यापासून कालिजात जायाचं. हितं माझ्या पायापाशी बसून काय करती?"

"जाते."

"आन् कौसे, पुन्हा कुणी काय इचारलं तर बोट करू नको. तोंडानं सांगायचं."

मी मान हलवली. मग ध्यानात आलं की त्यांचं तोंड भिंतीकडं आहे, त्यांना ती दिसणार नाही.

"हो आबा," मी म्हटलं.